गिम्प : दोन विद्यार्थ्यांनी अर्ध्यावर सोडलेल्या आज्ञावलीचा इतिहास

१/ कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठ, १९९५च्या सुमारास. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी रात्र जागून 'कंपायलर' या विषयाचा वर्गप्रकल्प पुरा करण्याच्या खटपटीत होते. प्रकल्प लिस्प या संगणकीय भाषेत लिहायचा होता. पहाटेच्या सुमारास संगणकाने एका साध्या कामासाठी १७ मेगाबाइट स्मृती मागितली, ती त्याला मिळाली नाही आणि सारी आज्ञावली कोसळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि प्रकल्प तिथेच टाकून दिला. आता काहीतरी उपयोगाचे लिहायचे आणि ते लिस्पमध्ये मुळीच लिहायचे नाही, एवढेच ठरले.

२/ त्या वैतागातून जे जन्मले त्याचे नाव 'गिम्प'. छायाचित्रे आणि चित्रे संपादित करण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही मुक्त आज्ञावली. अशा मुक्त आज्ञावलीचा लाभ काय, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : पैसे वाचतात. उत्तर खोटे नाही, पण तोकडे आहे. गिम्पचा तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर किंमत हा त्यातला सर्वांत गौण लाभ ठरतो.

३/ त्या काळी या क्षेत्राचा अनभिषिक्त राजा होता फोटोशॉप. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा थॉमस नोल आणि चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी १९८७पासून तो घडवला. अडोबी कंपनीने १९ फेब्रुवारी १९९० रोजी त्याची पहिली आवृत्ती मॅकिन्टॉश संगणकांसाठी बाजारात आणली. काळोख्या खोलीत रसायनांच्या तबकांवर जे काम तासन्‌तास चाले, ते पडद्यावर होऊ लागले. छायाचित्रणाच्या इतिहासातील ते एक खरेखुरे वळण होते आणि त्याचे श्रेय नोल बंधूंना निःसंशय द्यावे लागते.

४/ मात्र फोटोशॉप शेकडो डॉलरांना मिळे आणि लिनक्सवर तो चालतच नसे. लिनक्स ही फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये सुरू केलेली संगणकप्रणाली. तिच्यावर उत्तम सर्व्हर चालत, पण एखादे छायाचित्र जरा उजळ करावे म्हटले तर धड साधन नव्हते. ही उणीव भरून काढावी असे बर्कलीच्या त्या दोघांना वाटले.

५/ २९ जुलै १९९५ रोजी मॅटिसने लिनक्स विकासकांच्या न्यूजग्रूपवर एक साधी पृच्छा केली. समजा कोणी फोटोशॉपसारखी आज्ञावली लिहायला घेतली, तर तिच्यात कोणत्या सोयी असाव्यात आणि कोणत्या प्रकारच्या फाइली तिला उघडता याव्यात? 'समजा कोणी' हा अर्थातच विद्यार्थिसुलभ संकोच होता. २१ नोव्हेंबर १९९५ रोजी गिम्पची जाहीर घोषणा झाली आणि १९९६च्या प्रारंभी ०.५४ ही आवृत्ती लोकांच्या हाती आली.

६/ येथे 'मुक्त' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. १९८३मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागील मागणी चार स्वातंत्र्यांची होती : आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवणे, तिचा सोर्स कोड अभ्यासून त्यात बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. त्यांनी घडवलेल्या 'जीपीएल' या परवान्याची अट एकच : आज्ञावली पुढे वाटणाऱ्याने हीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही दिली पाहिजेत.

७/ इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ सांगावे लागतात, त्यामुळे स्टॉलमन यांचे अर्धे आयुष्य खुलासे करण्यात गेले. मराठीला ही अडचण नाही. फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. फुकट ही पाणपोई आहे. मालकाने मांडव काढला की पाणी बंद. मुक्त म्हणजे विहीर खणण्याची विद्या आणि ती खणण्याचा हक्क. मराठी बोलणाऱ्याने या दोहोंत गल्लत केली, तर दोष भाषेला देता येणार नाही.

८/ ०.५४ या आवृत्तीत एक गोम होती. गिम्प स्वतः मुक्त होती, परंतु तिच्या खिडक्या, बटणे, याद्या काढण्यासाठी 'मोटिफ' नावाचा संच वापरला होता आणि मोटिफ मालकीचा होता. लिनक्सवर तो विकत घ्यावा लागे. परिणामी एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला गिम्पमध्ये सुधारणा करायची असली तर आधी मोटिफसाठी खिसा रिकामा करावा लागे. घर आपले, पण उंबरठा दुसऱ्याचा, अशी गत.

९/ मॅटिसला मोटिफचा कंटाळा आला. त्याने खिडक्या-बटणांचा स्वतःचाच संच लिहून काढला आणि त्याला नाव दिले 'गिम्प टूलकिट', संक्षेपाने 'जीटीके'. एका चित्रसंपादकाच्या सोयीसाठी लिहिलेले हे उपकरण. पुढे मुलाची कीर्ती बापाहून मोठी झाली, ती हकीकत यथावकाश येईल.

१०/ ०.५४मधील आणखी एक निर्णय दूरदृष्टीचा ठरला. 'प्लग-इन' या जोडभागांची रचना अशी केली होती की कोणालाही मुख्य आज्ञावलीला हात न लावता स्वतःचा जोडभाग लिहून बसवता येई आणि तो कोसळला तरी मुख्य आज्ञावली सहसा तगून राही. थोड्याच काळात ओळखदेख नसलेली माणसे जोडभाग लिहून पाठवू लागली. कोणी धूसर चित्र स्पष्ट करणारा, कोणी नव्या प्रकारची फाइल उघडणारा.

११/ याच ०.५४वर टेक्सासमधील लॅरी ईविंग या विद्यार्थ्याने १९९६मध्ये एक गुबगुबीत, तृप्त पेंग्विन काढला. तोच 'टक्स', लिनक्सचे जगप्रसिद्ध बोधचिन्ह. आज सर्व्हरच्या खोल्यांपासून विद्यार्थ्यांच्या टी-शर्टांपर्यंत दिसणारा हा पक्षी अशा एका आज्ञावलीत रंगला, जिचा पहिला आकडाही अजून शून्यावरून हलला नव्हता.

१२/ पुढे स्टॉलमन बर्कलीला आले असता त्यांची संमती घेऊन नावात बदल झाला. 'जनरल इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम' होते ते 'ग्नू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम' झाले. आद्याक्षरे तीच राहिली. हे नाव 'पल्प फिक्शन' या १९९४च्या चित्रपटावरून सुचले होते. इंग्रजीत हा शब्द अपंगांना हिणवण्यासाठीही वापरला जातो, त्यामुळे नावाबद्दलची नाराजी कधीच पुरती मिटली नाही. २०१९मध्ये काहींनी याच कारणास्तव 'ग्लिम्प्स' ही वेगळी शाखा काढली. ती दोन वर्षांत थांबली. तरी त्यांना ती काढता आली, त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१३/ १९९७ साल उजाडले. नव्या जीटीकेवर उभी असलेली ०.९९ ही आवृत्ती आली. तिने चित्राचे लहान चौकोनी तुकडे करून स्मृतीत ठेवण्याची युक्ती आणली, त्यामुळे मोठी चित्रे हाताळणे शक्य झाले. थर, निवडी, पारदर्शकता जशीच्या तशी जपणारी 'एक्ससीएफ' ही फाइलही तेव्हाचीच. एक्ससीएफ म्हणजे 'एक्सपेरिमेंटल कम्प्यूटिंग फॅसिलिटी'. किंबॉल आणि मॅटिस ज्या विद्यार्थी मंडळात वावरत, त्याचे हे नाव आज जगभरच्या लक्षावधी फाइलींच्या शेपटाला लटकलेले आहे.

१४/ आणि मग ते दोघे निघून गेले. पदवी मिळाली, नोकऱ्या लागल्या. १.० ही पहिली पूर्ण आवृत्ती झालेलीच नव्हती. या इतिहासातला सर्वांत नाजूक क्षण हाच. एखाद्या कंपनीचे उत्पादन असते, तर कर्ते गेल्यावर ते गुंडाळले गेले असते आणि सोर्स कोड कुठल्याशा कपाटात कुलूपबंद झाला असता. संगणकाच्या इतिहासात अशी कुलूपबंद कपाटे असंख्य आहेत.

१५/ परंतु गिम्पचा सोर्स कोड जगभर पसरलेला होता आणि तो पुढे नेण्याचा हक्क परवान्याने प्रत्येकाला आधीच दिलेला होता. कोणाला वारसाहक्काचा दाखला मागावा लागला नाही. मेक्सिकोचा फेदेरिको मेना, एड्रियन लाइकिन्स, मनीष सिंग अशा मंडळींनी धागे हाती घेतले. काही काळ गोंधळ झाला, कोण काय करतो आहे हे कोणालाच नीट ठाऊक नसे. तरीही जून १९९८मध्ये १.० प्रसिद्ध झाली. मूळ कर्ते निघून गेल्यानंतर पूर्णत्वाला गेलेली पहिली आवृत्ती.

१६/ दरम्यान फिनलंडच्या तुओमास कुओस्मानेन याने सप्टेंबर १९९७मध्ये तोंडात कुंचला धरलेला 'विल्बर' हा प्राणी काढला. तो कुत्रा की कोल्हा, यावर अनेकांनी डोके खाजवले आहे. अधिकृत उत्तर असे की तो 'गिम्प' जातीचा प्राणी आहे.

१७/ एक गंमतही नोंदवली पाहिजे. गिम्पमध्ये तीच ती कामे पुन्हापुन्हा आपोआप करून घेण्यासाठी 'स्क्रिप्ट-फू' नावाची सोय किंबॉल आणि मॅटिस यांनीच बसवली. तिची भाषा स्कीम, म्हणजे लिस्पचीच लेक. ज्या भाषेला कंटाळून गिम्प लिहायला घेतली, ती मागल्या दाराने घरात आलीच.

१८/ आता जीटीकेकडे. १९९७च्या ऑगस्टमध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी 'ग्नोम' प्रकल्प आरंभला. लिनक्ससाठी संपूर्ण मुक्त असा डेस्कटॉप उभा करण्याचा हा संकल्प होता. आधीच सुरू झालेला 'केडीई' हा डेस्कटॉप 'क्यूटी' या संचावर बेतलेला होता आणि क्यूटीचा परवाना त्या वेळी मुक्त नव्हता. म्हणजे मोटिफचीच अडचण नव्या रूपात. ग्नोमच्या मंडळींना तयार, मुक्त, कसाला लागलेला संच हवा होता. तो बर्कलीच्या त्या चित्रसंपादकाच्या पोटात सापडला.

१९/ या एका निवडीचे पडसाद दूरवर उमटले. लिनक्सच्या जगात जीटीकेवर शेकडो आज्ञावल्या उभ्या राहिल्या. रेखाचित्रांसाठीचे इंकस्केप हे त्यांतले मराठी मुद्रणविश्वालाही परिचित झालेले नाव. छायाचित्राची खिडकी बंद करणारे एक बटण हवे होते, त्यातून अवघा डेस्कटॉप निघाला. मोटिफ मुक्त असता, तर कदाचित यातले काहीच घडले नसते. इतिहासाला अशा 'असता-नसता'चे वावडे असते, पण येथे मोह आवरणे कठीण आहे.

२०/ सारेच गोड नव्हते. हॉलीवूडच्या 'रिदम अँड ह्यूज' या स्टुडिओला (मुंबईतही पुढे त्याचा मोठा स्टुडिओ होता) चित्रपटाच्या चौकटी दुरुस्त करण्यासाठी गिम्प हवी होती. गिम्प प्रत्येक रंगघटकाच्या २५६ छटाच जाणत असे. ८ बिटांत तेवढ्याच मावतात. पडद्यावरच्या सायंकाळच्या आकाशात इतक्या कमी छटांचे पट्टे उमटतात. १६ बिटांत हा आकडा ६५,५३६ होतो. स्टुडिओने स्वतः खर्च करून १६ बिटांची शाखा तयार करवून घेतली. तिचे नाव 'फिल्म गिम्प', पुढे 'सिनेपेंट'. 'स्टुअर्ट लिटल', 'हॅरी पॉटर' अशा चित्रपटांच्या कामात ती वापरली गेली.

२१/ मुख्य गिम्पने मात्र हा बदल आपल्यात सामावून घेतला नाही. ठिगळे लावण्यापेक्षा पायाच नव्याने घालू, असे ठरले आणि २०००मध्ये 'गेगल' या नव्या गणनयंत्रणेचे काम सुरू झाले. ते सावकाश चालले. फारच सावकाश. २००८मध्ये गेगलचा थोडा अंश गिम्पमध्ये आला आणि उच्च बिटखोली सामान्य वापरकर्त्याच्या हाती यायला २७ एप्रिल २०१८ उजाडले, तेव्हा २.१० ही आवृत्ती आली. अठरा वर्षे! व्यावसायिक छायाचित्रकार इतका काळ कसा थांबणार? ते फोटोशॉपकडे गेले आणि त्यांना दोष देता येत नाही. मोजक्या स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या प्रकल्पाची ही किंमत आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या स्तुतिपाठकांनी ती लपवू नये.

२२/ तीच गत खिडक्यांची. २०१२च्या २.८पर्यंत गिम्पची साधने पडद्यावर सुट्या खिडक्यांत विखुरलेली असत. नवख्या माणसाची त्यात त्रेधा उडे. छापखान्याला लागणाऱ्या चार शाईंच्या 'सीएमवायके' रंगपद्धतीची धड सोयही दीर्घकाळ नव्हती. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ गिम्पमध्ये करून छापखान्यात नेणाऱ्याला रंगांच्या फरकाला तोंड द्यावे लागे. १६ मार्च २०२५ रोजी आलेल्या ३.०ने या बाबतीत बरीच सुधारणा केली.

२३/ आता या कथेचा मराठीशी असलेला दुवा. संगणकावर देवनागरी मांडणे हे रोमन लिपीइतके सरळ नसते. 'कि' लिहिताना आधी 'क' टंकला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण दिसताना वेलांटी अक्षराच्या आधी हवी. 'अर्क'मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. युनिकोडचा मजकूर घेऊन ही सारी हलवाहलव करणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. ती नव्हती तोवर मराठी डीटीपीवाले जुने फॉन्ट वापरत. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत भलतीच रोमन चिन्हे. त्या काळातले कितीतरी मजकूर आज म्हणूनच शोधता येत नाहीत, वाचता येत नाहीत.

२४/ जीटीकेच्या मंडळींनी ही अडचण अंगावर घेतली. ओवेन टेलर आणि सहकाऱ्यांनी 'पॅन्गो' नावाची मजकूर-मांडणीची यंत्रणा लिहिली. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. नावातच प्रतिज्ञा. २००२च्या जीटीके २मध्ये ती आली आणि मार्च २००४च्या गिम्प २.०चे मजकुराचे साधन तिच्यावरच उभे राहिले. छायाचित्रावर युनिकोडमधले मराठी शब्द, वेलांट्या-रफारांसह, सरळ टंकता येण्याची वाट अशी मोकळी झाली. मराठीचा बाजार केवढा, हा हिशेब त्यात कोणी मांडला नव्हता.

२५/ गोष्ट येथे थांबत नाही. अक्षरांची जुळणी करणारा गाभा 'फ्रीटाइप' या प्रकल्पात जन्मला होता. तो पॅन्गोने घेतला आणि क्यूटीनेही घेतला, दोहोंकडे वेगवेगळा वाढला. पुढे हे प्रवाह एकत्र आणून 'हार्फबझ' हा स्वतंत्र प्रकल्प झाला. त्याची नव्याने उभारणी केली बेहदाद एस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन तंत्रज्ञाने. नाव फारसी : 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाझ' म्हणजे खुले. पेशवेकालीन कागदांतील फारसी शब्द ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना हा 'हर्फ' परका वाटू नये.

२६/ आज हार्फबझ अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत आहे. अँड्रॉइड फोनवर हा धागा वाचला जात असेल, तर या ओळीतील प्रत्येक जोडाक्षर त्यानेच जुळवलेले आहे. आणि त्याच्या वापरकर्त्यांच्या यादीत एक नाव असेही आहे : अडोबी फोटोशॉप. ज्याची उणीव भासली म्हणून गिम्प जन्मली, त्याच फोटोशॉपपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरच्या त्या ओढ्याचे पाणी जाऊन पोहोचले.

२७/ मालकीच्या बाजूला या काळात काय घडत होते? फेब्रुवारी २०१३मध्ये कॅलिफोर्नियातील कम्प्यूटर हिस्टरी म्युझियमने अडोबीच्या संमतीने फोटोशॉप १.०.१चा सोर्स कोड अभ्यासासाठी खुला केला. सुमारे १,२८,००० ओळी, बहुतांश पास्कल भाषेत. व्यापारी उपयोगाला मनाई. तेवीस वर्षांनी संग्रहालयाच्या काचेआडून दर्शन. त्याच वर्षी मे महिन्यात अडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापराव्या लागतील. साधन मालकीचे होते ते भाड्याचे झाले.

२८/ भाड्याच्या साधनाचे काय होऊ शकते, हे ऑक्टोबर २०१९मध्ये व्हेनेझुएलातील कलावंतांनी पाहिले. अमेरिकी सरकारच्या निर्बंधांचा आधार देऊन अडोबीने त्या देशातील सर्व खाती बंद करण्याची सूचना काढली. वृत्तपत्रांतील चित्रकार, छायाचित्रकार, विद्यार्थी सारेच तिच्या कक्षेत आले. महिनाअखेरीस सरकारी परवानगी मिळाली आणि निर्णय मागे घेतला गेला. पण मधल्या दिवसांत पैसे भरलेल्या माणसालाही आपले थरांचे काम उद्या उघडेल की नाही, याची खात्री नव्हती. गिम्पच्या बाबतीत अशी सूचना काढण्याचा अधिकारच कोणाला नाही.

२९/ स्वातंत्र्याचा गैरफायदाही घेतला जातो, हे येथेच सांगितले पाहिजे. मुक्त आज्ञावलीच्या प्रती कोणीही वाटू शकतो, तसा भुरटाही वाटू शकतो. 'सोर्सफोर्ज' या संकेतस्थळावरील फसव्या जाहिरातींना कंटाळून गिम्पने २०१३मध्ये तेथून आपल्या विंडोज प्रती हलवल्या. २०१५मध्ये उघडकीस आले की त्या स्थळाने गिम्पचे जुने खाते स्वतःच्या ताब्यात घेऊन जाहिरातींचे लटांबर जोडलेल्या प्रती वाटल्या. म्हणून गिम्प तिच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी, हा सल्ला आजही लागू आहे.

३०/ इतिहासाच्या अभ्यासकाला या साऱ्याचे प्रत्यक्ष मोल काय? एक उदाहरण. पिवळ्या पडलेल्या, डागाळलेल्या मोडी कागदाचे रंगीत छायाचित्र घ्यावे आणि गिम्पमध्ये त्याचे लाल, हिरवा, निळा असे घटक वेगळे करावेत. पिवळट-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतात, म्हणून निळ्या घटकात ते गडद दिसतात. लाल घटकात तेच डाग फिके पडतात. काजळीची काळी शाई मात्र तिन्ही घटकांत काळीच राहते. म्हणजे लाल घटक पाहिला की डाग मागे सरतात आणि अक्षर पुढे येते. उलट कागदावर लाल शाईच्या खुणा असतील, तर त्या लाल घटकात जवळजवळ अदृश्य होतात आणि हिरव्या किंवा निळ्या घटकात स्पष्ट दिसतात. हाच विचार शिलालेखांवरील शेंदराच्या बाबतीतही कामी येतो.

३१/ यातली मेख अशी की हे वाचन पुढे पुरावा म्हणून मांडायचे असते. 'अक्षर स्पष्ट केले' म्हणजे नेमके काय केले? यंत्राने असलेले अक्षर उजळले की नसलेले कल्पून भरले? गिम्पचे प्रत्येक गणित उघड्या सोर्स कोडमध्ये आहे. शंका घेणारा दुसरा अभ्यासक एक पैसा न भरता तीच आज्ञावली घेऊन, त्याच मूळ छायाचित्रावर, त्याच पायऱ्यांनी तोच निष्कर्ष तपासून पाहू शकतो. साताऱ्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने केलेली दुरुस्ती लंडनमधल्या प्राध्यापकाला तपासता येते आणि उलटही. अर्थात मूळ छायाचित्र न बिघडवता वेगळे जपून ठेवले असेल तरच. हे पथ्य आज्ञावली शिकवत नाही.

३२/ शेकडो पानांचे दप्तर असेल तर प्रत्येक पानावर हाताने हीच क्रिया करण्याची गरज नाही. मघाच्या लिस्पच्या लेकीला किंवा पायथॉनला काम सांगावे, ती सगळी पाने ओळीने उरकते. शिकण्याची सोयही आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात गिम्प शिकवणारी मालिका विनामूल्य उपलब्ध आहे.

३३/ आणि त्या दोघांचे काय झाले? किंबॉल आणि मॅटिस पुढे गूगलमध्ये गेले. २०१५मध्ये बेन डार्नेल यांच्यासह त्यांनी 'कॉक्रोच लॅब्स' ही कंपनी काढली. तिची 'कॉक्रोचडीबी' ही विदासाठ्याची आज्ञावली आरंभी मुक्त परवान्याखाली होती. २०१९मध्ये कंपनीने पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलला आणि व्यापारी वापरावर बंधने घातली. मोठ्या क्लाउड कंपन्या आपल्या श्रमांवर फुकट धंदा करतील ही भीती त्यामागे होती. ती निराधार म्हणता येणार नाही. ज्यांच्या हातून गिम्प आणि जीटीके मुक्त झाल्या, त्यांनाच चोवीस वर्षांनी दार थोडे ओढून घ्यावेसे वाटले.

३४/ गिम्पचे दार मात्र तसे ओढून घेता येत नाही. तिच्यात इतक्या जणांचे लेखन मिसळले आहे आणि परवाना असा आहे की आता ती त्या दोघांचीही नाही. तरी गिम्प उघडून तिच्याविषयीची माहिती पाहिली, तर हक्कांच्या ओळीत आजही १९९५ हे वर्ष दिसते आणि पुढे नावे : स्पेन्सर किंबॉल, पीटर मॅटिस आणि गिम्प विकासक मंडळी. पहिली दोन माणसे १९९७मध्येच निघून गेली होती.